हेन्री पोलाक

हेन्री पोलाक (२२ फेब्रुवारी १८६८, ॲम्स्टरडॅम – १८ फेब्रुवारी १९४३, लारेन) हे नेदरलँड्समधील कामगार नेते, समाजवादी राजकारणी, संपादक व लेखक होते. हिरे-कामगार म्हणून आयुष्याची सुरुवात केलेल्या पोलाक यांनी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या सर्वसाधारण डच हिरे-कामगार संघाचे नेतृत्व चार दशकांहून अधिक काळ केले. शिस्तबद्ध, भरपूर वर्गणी घेणारी, पगारी पदाधिकारी असलेली आणि आपल्या सभासदांच्या शिक्षणाचीही जबाबदारी उचलणारी ही संघटना पुढे त्या देशातील आधुनिक कामगार चळवळीचा नमुना ठरली. सामाजिक लोकशाही कामगार पक्षाच्या बारा संस्थापकांपैकी ते एक होते. १९०६ मध्ये कार्यान्वित झालेल्या डच कामगार संघटनांच्या महासंघाचे पहिले अध्यक्षपद आणि १९१३ ते १९३७ या काळातील वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व ही त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अन्य महत्त्वाची पदे होत.

पार्श्वभूमी

ॲम्स्टरडॅममधील हिरे उद्योगाची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत युरोपात येणारा कच्चा हिरा प्रामुख्याने भारतातील खाणींतून येत असे. भारतातून इंग्लंडला नेलेला कोहिनूर १८५२ मध्ये लंडनला नव्याने घासण्यात आला, तेव्हा त्या कामासाठीही ॲम्स्टरडॅमच्या कोस्टर कारखान्यातील कारागीर बोलावले गेले होते. जुन्या कारागीर-श्रेणींचे दरवाजे ज्यूंना बंद होते. हिऱ्यांचा धंदा नवा असल्यामुळे त्याला अशी श्रेणी नव्हती, आणि म्हणून शहरातील ज्यू समाज या धंद्यात मोठ्या संख्येने शिरला. एकोणिसाव्या शतकात यंत्रशक्तीवर चालणारे कारखाने उभे राहिले, तरी कसब मात्र हाताचेच राहिले. हिरा चिरणारे, त्याला आकार देणारे, तो धातूच्या वाटीत बसवून देणारे आणि फिरत्या चकतीवर घासून पैलू पाडणारे असे कारागिरांचे वेगवेगळे वर्ग होते.

१८७० नंतर दक्षिण आफ्रिकेतील खाणींचा माल येऊ लागला आणि काही वर्षे या धंद्याला अपूर्व तेजी आली. कारागिरांना इतकी मजुरी मिळू लागली की तो काळ केप प्रांताच्या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. मजुरीच्या आशेने हजारो नवे हात धंद्यात आले. पुढे तेजी ओसरली, हात मात्र तेवढेच राहिले. मजुरी घसरली, दरवर्षी काही महिने बेकारीत जाऊ लागले आणि कारागीर एकमेकांपेक्षा कमी दराने काम मागू लागले. त्यातच ज्यू आणि ख्रिस्ती कामगारांमध्ये परस्परांविषयी अविश्वास होता. त्यांच्या संस्था वेगळ्या आणि वस्त्याही बहुतांशी वेगळ्या होत्या. मालकांशी बोलणी करताना या दुहीचा फटका दोघांनाही बसत असे.

प्रारंभिक जीवन

पोलाक यांचा जन्म हिरे व्यवसायाशी संबंधित असलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षणानंतर ते लहान वयातच हिऱ्यांच्या कामात उमेदवारी करू लागले. औपचारिक शिक्षण लवकर थांबले, तरी वाचनाची त्यांची ओढ आयुष्यभर टिकली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस कामाच्या निमित्ताने ते लंडनमध्ये राहिले. त्यांचा विवाह एमिली नायकेर्क यांच्याशी झाला होता.

लंडनमधील या वास्तव्याने त्यांच्या विचारांना दिशा दिली. इंग्लंडमध्ये कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळालेली होती. मोठ्या संघटनांकडे स्वतःचा निधी होता, हिशेब होते, पूर्णवेळ सचिव होते आणि मालकांशी लेखी करार करण्याची पद्धत रूढ झाली होती. समाजवादाकडे सावकाश, अभ्यासपूर्वक आणि लोकशाही मार्गाने जावे असे मानणाऱ्या फेबियन मंडळींचे विचारही त्यांच्या परिचयाचे झाले. या मंडळींतील सिडनी व बिआट्रिस वेब या दांपत्याने ब्रिटिश कामगार संघटनांवर लिहिलेले ग्रंथ पोलाक यांनी पुढे डच भाषेत आणले. आपल्या देशातील कामगारांना आवेशपूर्ण भाषणांइतकीच अशा ग्रंथांची गरज आहे, असे त्यांचे मत होते.

समाजवादी पक्षाची स्थापना

१८९० च्या सुमारास पोलाक डच समाजवादी चळवळीत दाखल झाले. त्या वेळी या चळवळीचे नेतृत्व पूर्वी धर्मोपदेशक असलेल्या डोमेला न्यूवेनहौस यांच्याकडे होते. गरिबांमध्ये त्यांच्याविषयी विलक्षण श्रद्धा होती. मात्र संसदीय मार्गावरचा त्यांचा विश्वास उडत गेला आणि १८९३ अखेरच्या खोनिंगेन अधिवेशनात त्यांच्या संघटनेने निवडणुकांपासून दूर राहण्याचा निर्णय घेतला. पोलाक यांना हा निर्णय आत्मघातकी वाटला. मतदानाचा हक्क मिळवण्याआधीच तो नाकारणे त्यांना पटणारे नव्हते.

२६ ऑगस्ट १८९४ रोजी झ्वोले या गावी सामाजिक लोकशाही कामगार पक्षाची स्थापना झाली. संस्थापकांत पीटर येलेस त्रुल्स्त्रा, हेन्री फान कोल, फ्रांक फान डर खूस, विलेम फ्लीखेन आदींसह पोलाक होते. संस्थापकांची संख्या बारा असल्यामुळे त्यांना पुढे बारा प्रेषित असे संबोधले जाऊ लागले. जुन्या चळवळीतील अनेकांनी या मंडळींवर फितुरीचा आरोप केला. पक्षाकडे सुरुवातीला नेते होते, परंतु संघटित कामगार फारसे नव्हते. ही उणीव भरून निघण्याची संधी अवघ्या तीन महिन्यांत आली.

१८९४ चा संप आणि हिरे-कामगार संघ

नोव्हेंबर १८९४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या हिरे-कामगारांनी मजुरीच्या प्रश्नावर संप पुकारला. संप झपाट्याने पसरला आणि ज्यू व ख्रिस्ती कामगार एकाच व्यासपीठावर आले. संपाचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले, त्यांत पोलाक आणि ख्रिस्ती समाजातून आलेले यान फान झुट्फेन हे दोघे प्रमुख होते. १८ नोव्हेंबर १८९४ रोजी धर्म, लिंग आणि कामाचा प्रकार असा कोणताही भेद न करणाऱ्या सर्वसाधारण डच हिरे-कामगार संघाची स्थापना झाली. पोलाक अध्यक्ष आणि फान झुट्फेन सचिव अशी ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. संघटनेतील धार्मिक ऐक्याचे ती प्रत्यक्ष उदाहरण होती.

संप जिंकल्यावर संघटना विरून जाते, हा तोवरचा अनुभव होता. ती टिकवणे हे पोलाक यांचे खरे काम ठरले. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली गोष्ट वर्गणीची. ती इतर संघटनांच्या मानाने बरीच जास्त ठेवण्यात आली आणि नियमितपणे वसूल केली जाऊ लागली. यामुळे संपकाळात सभासदांना भत्ता देता येईल एवढा निधी जमा झाला. दुसरी गोष्ट केंद्रीय निर्णयाची. एखाद्या कारखान्यातील कामगारांनी रागाच्या भरात परस्पर काम थांबवू नये, संपाचा निर्णय मध्यवर्ती मंडळानेच घ्यावा, असा नियम झाला. तिसरी गोष्ट पूर्णवेळ पगारी पदाधिकाऱ्यांची. चळवळीचे काम फावल्या वेळात करण्यासारखे नाही आणि मालकाच्या पगारावर असलेला माणूस मालकाशी निर्भयपणे बोलणी करू शकत नाही, हा त्यामागचा विचार होता.

या नियमांवर टीका झाली. वर्गणी वसूल करणारी, हिशेब ठेवणारी आणि संपाला परवानगी लागणारी संघटना क्रांतीला पारखी झाली आहे, असे जुन्या विचारांचे कार्यकर्ते म्हणत. पोलाक यांच्या दृष्टीने मात्र मालक निधीच्या आकड्याला जेवढा घाबरतो तेवढा घोषणेला घाबरत नाही. संघटनेने पुढील काळात अनेक संप केले आणि त्यातून मजुरीचे दरपत्रक, कामाच्या तासांची मर्यादा व उमेदवारांच्या संख्येवरील नियंत्रण मान्य करून घेतले. धंद्यातील जवळजवळ सर्वच कामगार सभासद असल्यामुळे संघटनेबाहेर राहून काम मिळवणे कठीण झाले.

शिक्षण आणि संघटनेची वास्तू

संघटनेचे साप्ताहिक पोलाक संपादित करीत. त्यात मजुरी आणि बाजारभाव यांच्या बरोबरीने साहित्य, इतिहास, कला आणि आरोग्य या विषयांवर लेख असत. ग्रंथालय, व्याख्याने आणि अभ्यासवर्ग यांचीही सोय होती. अस्वच्छ, दाट वस्तीत वाढलेल्या आणि तेजीच्या काळात हाती आलेला पैसा उधळण्याची सवय लागलेल्या कामगाराला वाचनाची, नीटनेटक्या राहणीची आणि सौंदर्याची गोडी लागावी, असा पोलाक यांचा प्रयत्न असे. व्याकरणातील चुका, मद्यपान आणि सभेतील बेशिस्त या तिन्हींवर ते सारख्याच कठोरपणे लिहीत.

१९०० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्लांताझ भागात संघटनेची स्वतःची वास्तू उभी राहिली. तिचे वास्तुविशारद हेन्ड्रिक पेट्रुस बेर्लाखे हे पुढे आधुनिक डच वास्तुकलेचे अग्रणी मानले गेले. विटांचे भक्कम बांधकाम, बुरूज आणि माथ्यावर हिऱ्याच्या आकाराचा दिवा असलेल्या या इमारतीला लोक किल्ला म्हणू लागले. आतील भित्तिचित्रे रिखार्ड रोलांड होल्स्ट यांची आहेत. कामगारांच्या वर्गणीतून एवढी देखणी इमारत बांधणे हा त्या काळी उधळपट्टीचा प्रकार वाटू शकला असता. पण अंधाऱ्या खोलीतून आलेल्या सभासदाला आपल्या मालकीच्या उजळ, प्रशस्त जिन्यावरून चढता यावे, हा या वास्तूचा हेतू होता.

हिरे-कामगारांत क्षयाचे प्रमाण मोठे होते. फान झुट्फेन यांनी हिरे धरण्याच्या उपकरणांच्या झिजलेल्या तांब्याच्या दांड्या गोळा करून विकण्याची कल्पना काढली. या मोडीच्या विक्रीतून साठलेल्या निधीवर हिल्व्हरसम येथे झोनेस्त्राल, म्हणजे सूर्यकिरण, हे आरोग्यधाम उभे राहिले. यान डौकर यांनी रचना केलेले हे आरोग्यधाम आज जगभरच्या वास्तुविशारदांच्या अभ्यासाचा विषय आहे.

रेल्वे संप आणि राष्ट्रीय महासंघ

जानेवारी १९०३ मध्ये डच रेल्वे कामगारांनी गोदी कामगारांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवले आणि रेल्वे कंपन्यांनी अल्पावधीत माघार घेतली. या अनपेक्षित विजयाने चळवळीत उत्साहाची लाट आली. पंतप्रधान आब्राहाम कौपर यांच्या सरकारने मात्र रेल्वे व सरकारी नोकरांच्या संपावर बंदी घालणारे कायदे आणले. त्यांना विरोध म्हणून एप्रिलमध्ये पुकारलेला सार्वत्रिक संप फसला. मोठ्या संख्येने कामगारांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या, अनेक संघटना मोडकळीस आल्या आणि समाजवादी पक्ष व अराज्यवादी गट एकमेकांवर दोषारोप करू लागले.

पोलाक यांनी या पराभवाचा अर्थ वेगळ्या प्रकारे लावला. जानेवारीतील विजय हा संघटनेच्या बळाचा नव्हता, तर समोरच्याच्या बेसावधपणाचा होता. एप्रिलमध्ये समोरचा सावध झाला, तेव्हा कामगारांकडे निधी नव्हता, एकसूत्री नेतृत्व नव्हते आणि माघारीची योजनाही नव्हती. १८९३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय कामगार सचिवालय हे सैल स्वरूपाचे होते आणि त्यात अराज्यवादी विचारांचे प्राबल्य होते. त्याऐवजी हिरे-कामगार संघाच्या धर्तीवर चालणाऱ्या संघटनांचा स्वतंत्र महासंघ उभारण्यासाठी पोलाक यांनी पुढाकार घेतला. १९०५ मध्ये डच कामगार संघटनांच्या महासंघाची स्थापना ठरली आणि १ जानेवारी १९०६ पासून तो कार्यरत झाला. पोलाक त्याचे पहिले अध्यक्ष झाले. काही वर्षांतच त्यांनी हे पद सोडले आणि रेल्वे कामगारांचे नेते यान औडेखेस्ट यांच्याकडे ते आले. १९२० पर्यंत या महासंघाची सभासदसंख्या सुमारे अडीच लाखांवर पोहोचली होती.

आठ तासांचा दिवस

पोलाक यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले यश म्हणजे १९११ मध्ये हिरे-कामगारांना मिळालेला आठ तासांचा दिवस. देशातील इतर अनेक धंद्यांत तेव्हा दहा ते बारा तास काम चाले. त्याआधीच संघटनेने वार्षिक सुटीचा आठवडाही मिळवला होता. आठ तास कामाची मागणी १८९० पासून मे दिनाच्या मिरवणुकांत केली जात होती. एका संपूर्ण धंद्यात ती वाटाघाटींतून प्रत्यक्षात आल्याने तिचे स्वरूप बदलले. ती स्वप्नवत आहे, असे म्हणणे यापुढे अवघड झाले. देशातील कामगारांसाठी आठ तासांचा कायदा होण्यास १९१९ साल उजाडले.

राजकीय कारकीर्द

कामगार संघटना आणि पक्ष ही दोन वेगळी साधने आहेत, त्यांनी परस्परांना साहाय्य करावे पण एकाने दुसऱ्याला गिळू नये, असे पोलाक यांचे मत होते. १९०० ते १९०५ या काळात ते पक्षाचे अध्यक्ष होते. ॲम्स्टरडॅमच्या नगरपरिषदेतही ते काही वर्षे सदस्य होते. १९०९ मध्ये पक्षातील कडव्या मार्क्सवादी गटाला बाहेर काढण्यात आले, तेव्हा पोलाक बहुसंख्य सुधारणावादी गटाबरोबर राहिले. या बाहेर पडलेल्या गटातूनच पुढे डच साम्यवादी पक्ष आकाराला आला.

१९१३ मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले. या सभागृहातील पहिल्या समाजवादी सदस्यांमध्ये त्यांची गणना होते. या सभागृहाची निवड प्रांतिक विधिमंडळांमार्फत होई. १९१७ च्या घटनादुरुस्तीपर्यंत तेथे निवडून येण्यासाठी मोठा करदाता असणे किंवा उच्च सार्वजनिक पद भूषवलेले असणे आवश्यक होते. सरदार घराण्यांतील व श्रीमंत सदस्यांच्या या सभेत हिऱ्याच्या चकतीवरून उठून आलेल्या माणसाचा प्रवेश ही त्या काळी मोठी घटना होती. १९१७ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना आणि १९१९ मध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. पोलाक १९३७ पर्यंत, म्हणजे सुमारे २४ वर्षे, या सभागृहाचे सदस्य होते. ज्या पक्षाच्या स्थापनेला ते उपस्थित होते, त्या पक्षाचे दोन नेते १९३९ मध्ये प्रथमच मंत्री झालेले त्यांना पाहता आले.

निसर्ग आणि वारसा संरक्षण

लारेन या खेड्यात स्थायिक झाल्यावर पोलाक यांचे लक्ष भूदृश्यांच्या ऱ्हासाकडे वेधले गेले. माळराने, जुनी शेतघरे, पवनचक्क्या, झाडांनी वेढलेले रस्ते आणि शहरांतील ऐतिहासिक इमारती यांचा होणारा नाश त्यांनी वृत्तपत्रीय लेखांतून सातत्याने मांडला. आपल्या लहानशा देशाच्या मोठ्या सौंदर्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्या काळी लोकप्रिय झाले. ॲम्स्टरडॅम शहरावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. हे काम त्यांच्या कामगार चळवळीशी विसंगत नव्हते. आठ तासांनंतर उरलेला वेळ कामगाराने कोठे घालवावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. जंगल आणि माळ श्रीमंतांच्या मालकीचे राहिले किंवा नष्ट झाले, तर मिळवलेल्या फुरसतीचा अर्थ उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९३२ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट प्रदान केली.

वंशवादाला विरोध आणि अखेरची वर्षे

पोलाक धार्मिक आचार पाळणारे नव्हते, परंतु आपले ज्यूपण त्यांनी कधी लपवले नाही. जर्मनीत नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी विज्ञानाचा मुखवटा घेतलेल्या ज्यूद्वेषाचे खंडन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतात विज्ञान नाही, हे त्यांनी मुद्देसूदपणे मांडले. महामंदीमुळे हिरे उद्योगाची अवस्था तोवर बिकट झाली होती. ॲन्टवर्पच्या स्पर्धेने आणि बेकारीने ॲम्स्टरडॅमच्या संघटनेला ग्रासले होते.

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले. जुलैमध्ये महासंघावर नाझीधार्जिणा प्रशासक नेमण्यात आला आणि त्याच महिन्यात पोलाक यांना अटक झाली. वार्धक्य, आजारपण आणि कैद यांत त्यांची प्रकृती खालावली. पंचाहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, लारेन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ॲम्स्टरडॅममधील ज्यूंना छावण्यांकडे नेण्याचे काम जोरात सुरू होते. हिरे-कामगारांना काही काळ दिलेली सूटही पुढे टिकली नाही. युद्धात नेदरलँड्समधील एक लाखाहून अधिक ज्यूंची हत्या झाली. त्यांत पोलाक यांनी संघटित केलेल्या कामगार कुटुंबांतील फार मोठा भाग होता. युद्धानंतर हिरे-कामगार संघाला पूर्वीचे स्वरूप पुन्हा आले नाही.

मूल्यमापन

पोलाक यांच्या कार्यपद्धतीवर त्यांच्या हयातीतच दोन आक्षेप घेतले गेले. संघटनेत त्यांचा शब्द अंतिम ठरत असे आणि विरोधी मताला पुरेसा वाव मिळत नसे, हा पहिला आक्षेप. उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा घातल्याने आत असलेल्यांचे भले झाले, पण बाहेरच्या गरीब मुलांना धंद्याची दारे बंद झाली, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. हिरे उद्योग एका शहरात एकवटलेला आणि कसबी हातांवर अवलंबून असल्याने जे तेथे साधले ते शेतमजूर किंवा गिरणी कामगारांना त्याच वेगाने साधणे शक्य नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते.

तरीही संघटनेचा निधी, करार, अभ्यास आणि संयम या मार्गाने कामगार आपले जीवन बदलू शकतो, हे डच समाजाला प्रथम दाखवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते. त्यांनी स्थापन केलेला महासंघ कॅथलिक कामगारांच्या महासंघाशी एकत्र येऊन १९७० च्या दशकात आजच्या डच कामगार महासंघात परिणत झाला. त्याचे नेतृत्व केलेले विम कोक १९९४ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. कामगार संघटनेतून संसदेत जाणारी जी वाट पोलाक यांच्या पिढीने पाडली होती, तिच्यावरूनच कोक यांचा प्रवास झाला.

स्मृती

ॲम्स्टरडॅममधील ज्या रस्त्यावर संघटनेची वास्तू आहे, त्याला युद्धानंतर हेन्री पोलाक यांचे नाव देण्यात आले. बेर्लाखे यांच्या त्या वास्तूत १९९१ मध्ये कामगार चळवळीचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. कामगारांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही इमारत आणि तिच्या बुरुजावरील हिऱ्याच्या आकाराचा दिवा शहराच्या वारसा वास्तूंमध्ये गणला जातो.